चार दिवसांच्या पावसाचे टायर

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच मोठी वस्तू मला न विचारता घेतली, ती म्हणजे दोन दारांची एक जपानी स्पोर्ट्स कार. एरवी हा माणूस असा, की घराबाहेर पडताना गॅसचा नॉब बघायचा, जिना उतरायचा आणि पुन्हा वर येऊन तोच नॉब बघायचा. अमिरातीतल्या फुजैराच्या बंदरावर जहाजांना इंधन पुरवणाऱ्या एका टर्मिनलमध्ये तो मेंटेनन्स इंजिनियर होता. तेलाच्या टाक्यांच्या सावलीत दिवस काढणाऱ्याला सावधपणा शिकवावा लागत नाही. त्यामुळे सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो गडद हिरव्या रंगाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी घेऊन इमारतीखाली उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी पोचवायला आणली असेल.

"आपली आहे," तो म्हणाला.

"आणि आपली आधीची?"

"दिली."

आधीची चार दारांची, पांढरी, डिकीत महिन्याचा किराणा आणि तांदळाची गोणी आरामात मावणारी होती. ती देऊन, वर पैसे घालून त्याने देश सोडून निघालेल्या एका डच सहकाऱ्याकडून ही घेतली होती. मी वर निघून गेले. आमची सहा वर्षांची मुलगी मात्र मागच्या सीटवर चढून बसली आणि उतरायलाच तयार होईना. ती सीट तिच्याच मापाची होती. मोठ्या माणसाला तिथे बसायचं तर गुडघे हनुवटीशी घ्यावे लागत.

आठवडाभर घरात कामापुरतं बोलणं चाललं. मग मीच विचारलं, "का घेतलीस?"

त्याने बराच विचार केला. "आजवर जे जे घेतलं ते लागतं म्हणून घेतलं," तो म्हणाला. "ही लागत नव्हती."

यावर काय भांडणार? सोडून दिलं.

फुजैरा तेव्हा लहान होतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडेबोडके काळे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे आम्हाला दुबई लागायची. तिथल्या अल मनखूलला माझे मावसदीर आणि जाऊबाई राहत. त्यांच्या खालच्याच दुकानात कढीपत्ता, अळूची पानं, भाजणीचं सामान मिळे, आणि ऊद मेथाच्या एखाद्या हॉलमध्ये गणपतीचा किंवा संक्रांतीचा कार्यक्रम असला की चार ओळखीचे चेहरे दिसत. एकाआड एक शुक्रवारी आम्ही जायचो. मसाफीपर्यंत डोंगरातला वळणांचा रस्ता, मग धैदचं सपाट रान, मग शारजा आणि तिथून दुबई. मला गाडी येत नव्हती. त्यामुळे मी नवऱ्याच्या शेजारी बसून डबे सांभाळायची.

नव्या गाडीचा जोर मागच्या चाकांत होता. आमच्या आधीच्या गाडीला पुढची चाकं ओढून न्यायची, हिला मागची ढकलत न्यायची. हा फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर मी "बरं" म्हणून पोळ्या लाटायला लागले असते. पण नवऱ्याला तो पहिल्या दिवसापासून कळत होता. मसाफीच्या वळणांवर तो हलकंसं हसायचा, एकटाच. माझ्या नवऱ्याला काहीही कारण नसताना हसताना मी लग्नानंतर प्रथमच बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्या गाडीचा माझा राग तिथेच अर्धा गेला होता.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी मनखूलला जेवून आम्ही परत निघालो होतो. जाऊबाईंनी स्टीलच्या डब्यात श्रीखंड दिलं होतं, तो डबा माझ्या मांडीवर. धैदच्या पुढे आभाळ भरून आलं. तिथला पाऊस वर्षातून चार दिवस पडतो, तोही हिवाळ्यात. उरलेलं वर्षभर रस्त्यावर धूळ, ट्रकमधून गळलेलं डिझेल, टायरची झिजलेली पूड बसत राहते आणि पहिली सर आली की ते सगळं भिजून वर येतं. रस्त्यावर साबण कालवून ओतल्यासारखं होतं.

नवऱ्याने वायपर सुरू केला. उन्हाने भाजून त्याचं रबर काचेला चिकटलेलं होतं. पहिल्याच फटक्याला ते सुटलं आणि गांडुळासारखं लोंबत काचेवर इकडून तिकडे फिरायला लागलं. पुढचं नीट दिसेना. समोर वळण होतं. त्याने पाय उचलला असावा, किंवा दाबला असावा, ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. गाडीची मागची बाजू हळूच बाजूला सरकली. आवाज अजिबात झाला नाही. मग डोंगर फिरला, रस्ता फिरला, पुन्हा डोंगर आला, आणि आम्ही रस्त्याकडेच्या खडीत, आलो होतो त्या दिशेला तोंड करून उभे होतो.

"पप्पा," मागून आवाज आला, "डू इट अगेन!"

आम्ही दोघं हसलो नाही. त्याचे हात स्टिअरिंगवर तसेच होते. मी हाक मारली, तरी सुटले नाहीत. मागून येणारी एक पिकअप थांबली. पांढरी पायघोळ कंदूरा घातलेला, पन्नाशीचा एक स्थानिक माणूस पावसात उतरला आणि खिडकीशी वाकला. "सलामात? बच्चा ठीक?" मी मान हलवली. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकं बघितली आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खलास, हबीबी, खलास. अब श्वय श्वय चलो. मैं पीछे है." श्वय श्वय म्हणजे हळूहळू. त्या माणसाने आमच्या मागे, दोन्ही इंडिकेटर लुकलुकत ठेवून, आम्हाला फुजैराच्या पहिल्या गोल चौकापर्यंत आणून सोडलं. तिथे हॉर्न वाजवला आणि निघून गेला. आभार मानायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने गाडीवर ताडपत्री घातली.

पहिले काही दिवस मी मनातल्या मनात "बघ, मी म्हणत होते" हे वाक्य घोळवत होते. बोलायची वेळ आली नाही, कारण तोच म्हणाला, "विकून टाकू." कामावर तो सहकाऱ्यांबरोबर जाऊ लागला. शाळेची बस होती, किराणा खालून यायचा. शुक्रवार मात्र रिकामे झाले. मनखूलहून फोन यायचा, "येताय ना?" आणि नवरा हाताने नाही अशी खूण करायचा. मी म्हणायची, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात." ऊन पडून रस्ते कोरडे ठणठणीत झाले, तरी पुढचा आठवडा येईना. टर्मिनलच्या आत तो कंपनीची जीप चालवायचा, हे मला माहीत होतं. म्हणजे गाडी चालवायची भीती नव्हती. आम्हाला घेऊन चालवायची होती.

जाहिरात वाचून एक तरुण गाडी बघायला आला. केसांना जेल, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालचं सगळं ऐकू येत होतं. नवऱ्याने ताडपत्री काढली आणि सांगायला सुरुवात केली. ही मागच्या चाकांवर चालते. हिचा मागचा शॉकअप गळतोय. ओल्या रस्त्यावर वळणात ॲक्सिलरेटर सोडू नकोस. आणि पाऊस असेल तर काढूच नकोस. लग्न झालंय? मुलं आहेत? आई-वडील बसणार का हिच्यात? तो तरुण "सर, मी नंतर फोन करतो" म्हणून गेला, तो गेलाच. त्यानंतर आलेल्या दोघांचीही तीच गत झाली. मग माझ्या लक्षात आलं, याला गाडी ठेवताही येत नाहीये आणि दुसऱ्याच्या हातात देताही येत नाहीये. ताडपत्रीखाली तिचं ओझं झालं होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर फिनलंडचं एक जोडपं राहत होतं. तो जहाजांना बंदरात आणणारा पायलट, ती तिकडे शाळेत शिक्षिका राहिलेली, पन्नाशीची, उंच, केस आखूड कापलेली. ती पाव भाजायची तेव्हा जिन्यात वेलदोड्याचा वास सुटायचा. मी पहिल्यांदा तो वास घेऊन थबकले तेव्हा तिने दार उघडून मला आत ओढलं होतं. त्यांच्याकडे पावात वेलदोडा घालतात. ते कळल्यावर मी तिला आमच्या शिऱ्याची वाटी नेऊन दिली, आणि तिथून आमची मैत्री झाली. आमचं बोलणं इंग्रजीत, दोघींचंही मोडकंतोडकं, त्यामुळे कुणालाच संकोच नव्हता.

एके सकाळी तिने मला विचारलं, ती हिरवी गाडी मेली का? मी जे घडलं ते सांगितलं. ती चप्पल घालून खाली आली, ताडपत्रीचं टोक वर केलं आणि मागच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं.

"रबर नाही हे. लाकूड आहे," ती म्हणाली.

मीही नख दाबून बघितलं. नख रुतेना. टायरवरच्या खाचा मात्र नव्यासारख्या खोल होत्या. तिने टायरच्या बाजूवरचे तीन आकडे दाखवले. त्यावरून तो कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळतं. ही गाडी डच माणसाने चालवली कमी आणि उन्हात उभी जास्त केली होती. खाचा शाबूत राहिल्या आणि रबर वाळून कडक झालं. "आमच्याकडे," ती म्हणाली, "थंडी सुरू झाली की सगळे टायर बदलतात. विंटर टायर. ते लावल्याशिवाय गाडी काढायचीच नाही."

संध्याकाळी मी हे नवऱ्याला सांगितलं. किती दिवसांनी त्याचे डोळे चमकले! त्याला त्या दिवसाचं कारण मिळालं होतं, आणि कारण मिळालं की इंजिनियर माणूस निम्मा बरा होतो. "विंटर टायर," तो दोन-तीनदा पुटपुटला. पुढच्या सुट्टीत एका सहकाऱ्याच्या पिकअपमधून तो शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेला. तिथे टायरच्या दुकानांच्या रांगाच्या रांगा. युरोपातून कंटेनर भरून आलेले वापरलेले टायरही तिथे मिळत. एका दुकानदाराने त्याला म्हटलं, "विंटर का स्पेशल माल है साब, ओरिजिनल जर्मनी." त्यावर खरोखरच इंग्रजीत विंटर लिहिलेलं होतं. नवरा चार टायर घेऊन आला. रबर इतकं मऊ, की मुलीने त्यावर बोट दाबून "लाइक च्युइंग गम" असं जाहीर केलं. बसवून गल्लीत एक चक्कर मारून आला, तो जरा गोंधळलेला दिसला. "गादीवरून चालल्यासारखं वाटतंय," म्हणाला. "सवय होईल."

मी खालच्या मजल्यावर जाऊन शेजारणीला बोलावलं, मोठ्या कौतुकाने. ती आली, वाकून टायर बघितले, आणि हसायला लागली. मोठ्याने, पोट धरून. मग नवऱ्याचा चेहरा बघितला आणि एकदम गप्प झाली. "सॉरी, सॉरी," म्हणत तिने त्याचा हात धरला. त्या टायरवर केसासारख्या बारीक असंख्य चिरा होत्या. त्या बर्फ पकडण्यासाठी असतात, तिने सांगितलं. आणि रबर मऊ ठेवतात, कारण फ्रिजच्या आत असते तशा थंडीतही ते आखडू नये. इथल्या जानेवारीत ते वितळणार नाही, पण वळणावर लोण्यासारखं सरकेल आणि उन्हाळ्यापर्यंत झिजून जाईल. "तुमचा विंटर," ती म्हणाली, "म्हणजे आमचा सगळ्यात चांगला समर आहे."

मला वाटलं, संपलं. हा आता पुन्हा ताडपत्री घालणार. पण नवरा तिथेच खडीत बसला, टायरकडे बघत राहिला, आणि मग तोही हसला. "मला नाव बघून भूल पडली," तो मराठीत मला म्हणाला. "हिला विचार, आमच्या विंटरला कुठला टायर लागतो?"

तिला ते नेमकं माहीत नव्हतं. तिने आयुष्यभर बर्फ बघितला होता, वाळू नाही. पण तिला विचारायचे प्रश्न माहीत होते. पुढच्या शुक्रवारी आम्ही तिघं आणि ती शारजाला निघालो. कोरडा रस्ता, तरी नवरा आम्हाला घेऊन जायला तयार होईना, म्हणून ती स्टिअरिंगवर बसली. नवरा पुढे आणि आम्ही मायलेकी मागे, असं त्याने धरलं होतं, पण तो उंचीने बेताचा म्हणून मी हट्टाने पुढे बसले. तो आपल्याच गाडीच्या मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीशी घेऊन, मुलीच्या शेजारी बसला. मुलगी त्याला प्रत्येक वळणावर सांगत होती, "होल्ड ऑन, पप्पा."

दुकानदार भला निघाला. "गलती हो गया साब, आपने विंटर बोला, मैंने विंटर दिया," म्हणत त्याने टायर परत घेतले. मग सुरू झाली निवड. ती चांगलीच लांबली. नवऱ्याला मागे आधीइतकेच रुंद टायर हवे होते. रुंद टायरने गाडी भारदस्त दिसते. शेजारीण म्हणाली, रुंद टायर ओल्या रस्त्यावर पाण्यावर तरंगतो. एक माप कमी घे, म्हणजे तो पाणी कापून खाली टेकेल. नवरा कागदावर आकडे मांडू लागला, रिमला बसेल का, स्पीडोमीटर चुकेल का. दुकानदाराने एक टायर आडवा टाकला. त्याच्या मधोमध बाणाच्या टोकासारख्या खोल खाचा होत्या, पाणी दोन्ही बाजूंना फेकणाऱ्या. रबर ना लाकूड ना लोणी. मी नख दाबून बघितलं. चांगल्या मळलेल्या, तेलाचा हात लावून ठेवलेल्या कणकेइतकं नाही, पण दाबलं की किंचित दबत होतं.

"हा," मी म्हणाले. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, ये महंगा है," दुकानदार म्हणाला. त्याने दिरहॅममध्ये भाव सांगितला. मी सवयीने मनात रुपये करायला घेतले आणि मधेच सोडून दिलं. "और बारिश इधर साल में चार दिन. चार दिन के लिए इतना क्यों?"

"चार दिन के लिए ही तो चाहिए," मी म्हणाले. माझ्याच तोंडून ते इतकं ठासून निघालं, की मी जरा चपापले.

मागे दोनच नवे घालून पुढे वापरलेले घालायची दुकानदाराची सूचना शेजारणीने मोडून काढली. चारही एकाच जातीचे, एकाच वयाचे हवेत, नाहीतर गाडीचं एक टोक एक म्हणेल आणि दुसरं दुसरं. मग शेजारच्या गल्लीत मागचे दोन शॉकअप, मागच्या चाकांच्या जोडांमधले तडे गेलेले रबरी बुश, आणि वायपरची पाती. पात्यांच्या नवऱ्याने दोन जोड्या घेतल्या. "एक फ्रिजमध्ये ठेवू," तो म्हणाला. आमच्या फ्रिजमध्ये पुढची कित्येक वर्षं कोथिंबिरीच्या मागे वायपर असायचा. पाहुणे विचारायचे.

गाडी तयार झाली. पण तो तरीही आम्हाला घेऊन निघेना. मी विचारलं, की म्हणायचा, "चांगली झालीय आता. बघू." मला तेव्हा समजलं, की टायर हे कारण खरं असलं तरी पुरतं नव्हतं. आत आणखी काही होतं, आणि ते तो बोलत नव्हता. विचारून उपयोग नव्हता. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

तिथली लायसन्सची परीक्षा म्हणजे दिव्यच. पहिल्या खेपेला मला गोल चौकात घाई केली म्हणून नापास केलं, दुसऱ्या खेपेला चौकात घाई केली नाही म्हणून. तिसऱ्या खेपेला पोलीस अधिकारी पूर्ण वेळ फोनवर बोलत होता आणि शेवटी म्हणाला, "यल्ला, पास." घरी येऊन मी शिरा केला. नवऱ्याने माझ्या हातात हिरव्या गाडीची किल्ली दिली, पण म्हणाला, "फक्त गावात. आणि पावसात नाही."

पुढचा हिवाळा आला. एका दुपारी आभाळ काळं झालं आणि थेंब पडायला लागले. दारावर थाप पडली. शेजारीण रेनकोट घालून उभी. "चल," ती म्हणाली. "आत्ता. पुन्हा कधी मिळेल माहीत नाही." तिच्या नवऱ्याच्या ओळखीने बंदराजवळच्या एका गोडाऊनमागचं मोकळं आवार तिने मिळवलं होतं. सिमेंटचं, चारही बाजूंना मोकळं, आदळायला काही नाही. माझा नवरा त्या दिवशी घरीच होता. तोही आमच्याबरोबर आला. मुलीला आम्ही शेजारणीच्या नवऱ्यापाशी ठेवलं.

शेजारणीने मला सांगितलं, वळ आणि जोरात दाब. मी दाबला. मागची बाजू सरकली, मी किंचाळले आणि ब्रेक मारला. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा. मग तिने सांगितलं, ब्रेक नको, पाय हळूच सैल कर, आणि मागची बाजू जिकडे जातेय तिकडेच स्टिअरिंग फिरव. माझं मन म्हणत होतं उलटं फिरव. बऱ्याच वेळा चुकल्यावर एकदा ते जमलं. गाडी घसरली, रेंगाळली, आणि मग नव्या टायरनी सिमेंट पकडलं. ते पकडणं मला थेट पाठीत जाणवलं. मी खिडकीतून बाहेर ओरडले, "जमलं!" नवरा गोडाऊनच्या पत्र्याखाली उभा होता. त्याने हात वर केला नाही.

थोड्या वेळाने तो पावसातून चालत आला. शेजारणीने त्याच्याकडे बघितलं आणि स्वतः उतरून पत्र्याखाली गेली. तो माझ्या शेजारी बसला. गाडी उभी होती, टपावर पाऊस वाजत होता.

"त्या दिवशी," तो समोर बघत म्हणाला, "गाडी फिरली तेव्हा माझ्या मनात काय होतं माहितीये? तू नव्हतीस. पोरगी नव्हती. तो लोंबणारा वायपर होता. मी विचार करत होतो, हा बदलायला हवा होता. गाडी दरीकडे चाललीय की डोंगराकडे, मागे आपली मुलगी बसलीय, आणि मी वायपरचा विचार करतोय." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "असा कसा मी? बापाला पहिल्यांदा मूल आठवायला नको?"

वर्षभर तो हे एकटा घेऊन बसला होता.

"मला श्रीखंड सांडेल असं वाटत होतं," मी म्हणाले.

त्याने वळून बघितलं.

"खरंच सांगते. डोंगर फिरत होता आणि मी डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. मलाही पोरगी नंतर आठवली. ती बोलली तेव्हा."

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतोय. हसतच होता, पण डोळ्यांतून पाणी येत होतं. मी त्याला रुमाल दिला नाही. माणसाचं मन अशा क्षणी कुठे जाऊन बसेल ते त्याच्या हातात नसतं, हे मला तेव्हा नुसतं वाटलं. नीट शब्दांत मांडायला बरीच वर्षं लागली. त्या क्षणावरून आपण स्वतःला केवढी शिक्षा करून घेतो, आणि शेजारी बसलेल्याला पत्ताही नसतो.

"बाजूला हो," तो म्हणाला.

आम्ही जागा बदलल्या. त्याने त्या ओल्या आवारात गाडी मुद्दाम घसरवली, सावरली, पुन्हा घसरवली. पहिल्यांदा त्याचे हात पांढरे पडले होते. चौथ्या-पाचव्यांदा तो मसाफीच्या वळणांवर हसायचा तसा हसला. पत्र्याखाली शेजारणीने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही मनखूलला गेलो. जाताना त्याने चालवली, येताना मी. मसाफीच्या अलीकडे भुरभुर लागली. मला वाटलं, तो म्हणेल थांब, मी घेतो. तो म्हणाला, "वेग जरा कमी कर," आणि मुलीला पाढे विचारायला लागला. मुलगी इंग्रजीत उत्तरं देत होती. जाऊबाईंनी फोनवर विचारलं, "पावसातून गेलात? भीती नाही वाटली?" मी म्हटलं, "वाटली. पण दोघांत वाटून घेतली."

नवऱ्याला पुढे एक नाद लागला. नोव्हेंबर आला की ऊद मेथाच्या कार्यक्रमांना तो पार्किंगमध्येच रेंगाळायचा आणि ओळखीच्यांच्या टायरांवर नख दाबत फिरायचा. "अहो, हे लाकूड झालंय," असं कुणाकुणाला ऐकवायचा. लोक माझ्याकडे बघून हसायचे. एक-दोघांनी मात्र टायर बदलले.

शेजारीण आणि तिचा नवरा दोन हजार सालाच्या सुमारास त्यांच्या देशात परत गेले. आम्हाला कळेना तिला काय द्यावं. शेवटी मी वेलदोड्याची मोठी पिशवी दिली. ती म्हणाली, कस्टमवाल्यांना काय सांगू, आयुष्यभर पावच भाजणार आहे असं सांगू? विमानतळावर तिने माझ्या नवऱ्याला मिठी मारली, आणि हा, जो माझ्या सख्ख्या भावालाही हात जोडून नमस्कार करतो, तो मुकाट्याने उभा राहिला.

एक-दोन वर्षांनी त्याची बदली दुबईला झाली आणि आम्ही मनखूलला राहायला आलो. मुलगी उंच झाली होती, मागच्या सीटवर मावेना. यावेळी गाडी विकायची वेळ आली तेव्हा मुलीच्या शाळेतला एक पी.टी.चा मास्तर बघायला आला, तिशीतला, अविवाहित. नवऱ्याने त्याला सगळं सांगितलं, जसं आधीच्यांना सांगितलं होतं. मास्तराने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, एकदा तुम्ही चालवून दाखवाल?"

दोघं निघाले. मी वर स्वयंपाकाला लागले. भात झाला, आमटी झाली, तरी ते परत आले नव्हते. मी गॅलरीत गेले. सिग्नलच्या पलीकडून हिरवी गाडी येताना दिसली. चालवत तो मास्तर होता आणि माझा नवरा शेजारी बसून हातवारे करत त्याला काहीतरी सांगत होता.